पोकळी ओळखणारा माणूस

चि. ताई,

तुझं पत्र पोचलं. उत्खननाच्या शिबिरात पंधरा दिवस माती चाळलीस आणि हाती खापराचे चार तुकडेच लागले, म्हणून हिरमुसली आहेस. तुला ज्युसेप्पे फिओरेल्ली या माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते.

फिओरेल्लींचा जन्म १८२३ चा, नेपल्सचा. तरुणपणी त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. १८४९ मध्ये राजकीय आरोपांवरून तुरुंगवासही भोगला. पुढे इटली एक होऊ लागली आणि १८६० पासून पाँपेईचं उत्खनन त्यांच्याकडे आलं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर १७४८ पासून खणलं जात होतं. पण खणणाऱ्यांचा डोळा होता पुतळ्यांवर आणि भित्तिचित्रांवर. चांगलं ते उचलायचं, बाकीचं टाकून द्यायचं. आधी रस्ते मोकळे करून मग घरात बाजूने शिरायचं, त्यामुळे वरचे मजले कोसळून जात.

फिओरेल्लींनी वरून खाली, थराथराने खणायला लावलं. कुठली वस्तू कुठे सापडली, याची रोजच्या रोज नोंद ठेवली. जुन्या खोदकामाच्या रोजनिश्या जमवून छापल्या. साऱ्या शहराचे नऊ विभाग पाडले, विभागांत घरांचे चौक, चौकात प्रत्येक दाराला क्रमांक. वेट्टी बंधूंच्या प्रसिद्ध घराचा पत्ता आजही ६.१५.१ असाच लिहितात: सहावा विभाग, पंधरावा चौक, पहिलं दार.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. राखेत गाडलेल्या माणसांचे देह कालांतराने कुजून गेले, पण भोवतीची राख तोवर घट्ट झाली होती. आत उरली देहाच्या आकाराची पोकळी, आणि तिच्यात हाडं. फिओरेल्लींनी हुकूम दिला, की कुदळीखाली पोकळ लागलं की हात थांबवायचा. मग त्या भोकातून पातळ कालवलेलं प्लास्टर ओतायचं, ते घट्ट होऊ द्यायचं आणि मगच भोवतीची राख हलक्या हाताने सोडवायची. फेब्रुवारी १८६३ मध्ये असे पहिले देह वर आले. कपड्यांच्या चुण्या, आवळलेल्या मुठी, तोंडावर धरलेला हात, सगळं दिसू लागलं. १८७४ मध्ये तर साखळीला बांधलेला एक कुत्रा मिळाला. अंग पिळवटलेलं, गळ्यात पट्टा तसाच.

बघ हं, पोकळ्या आधीच्या लोकांच्या कुदळीलाही लागल्याच असणार. त्यांना तिथे काही दिसलं नाही; फिओरेल्लींना माणूस दिसला. सोन्याचा दागिना श्रीमंताची खबर देतो. प्लास्टरच्या त्या देहांत कोण मालक आणि कोण गुलाम, हे सांगणंही कठीण. मरणाच्या घटकेला सगळे सारखेच झाले होते.

पुढे १८७५ पासून साऱ्या इटलीच्या पुरातत्त्वाचा कारभार रोमहून त्यांनी पाहिला. १८९६ मध्ये ते गेले. पाँपेईत तरुणांना शिकवण्यासाठी त्यांनी शाळाही काढली होती. हा विषय पुढच्यांच्या हाती नीट जावा, ही त्यांची तळमळ होती.

तेव्हा ताई, तुझे चार तुकडे कुठल्या थरात, किती खोलीवर आणि कशाशेजारी मिळाले, ते आज रात्रीच वहीत लिहून ठेव. जिथे काही मिळालं नाही, तेही लिही.

तुझे
आजोबा