गळतीचा हिशेब

ययाती तारकासमूहातला अल्गोल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो. 1783 मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने त्याचं कारण सुचवलं: एखादा काळसर सोबती फिरता फिरता त्याच्या आड येत असावा. ग्रहणाची वेळ इतकी नेमाने पाळणारी जोडी पाहिल्यावर जोडताऱ्यांची फेरी कायम तेवढ्याच वेळाची असते असं वाटलं, तर नवल नाही.

या समजुतीला कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा आधार होता. वस्तुमान, वेग आणि अंतर यांवर ठरणारी ही राशी बाहेरून पीळ बसल्याशिवाय बदलत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र अल्गोलनेच कोडं घातलं. जड तारा आधी म्हातारा व्हायला हवा. इथे हलकाच म्हातारा होता. 1955 मध्ये जॉन क्रॉफर्ड यांनी उलगडा सुचवला, की आजचा हलका तारा मुळात जड होता आणि फुगल्यावर त्याचं द्रव्य सोबत्याकडे गेलं. पुढच्या दशकातल्या गणितांत बहुधा घरातलं घरातच राहतं असं धरलं जाई: द्रव्य इकडून तिकडे गेलं, एकूण संवेग तेवढाच.

काही जोड्या या हिशेबात बसेनात. ‘डब्ल्यूझेड सॅजिटी’ या जोडीची फेरी जेमतेम 82 मिनिटांची आहे. तिच्यातला श्वेतबटू हा एका राक्षसी ताऱ्याचा उरलेला गाभा, आणि तो राक्षस आजच्या एवढ्याशा कक्षेत मावलाच नसता. म्हणजे कक्षा आकसली होती. मग संवेग गेला कुठे?

क्राफ्ट, मॅथ्यूज आणि ग्रीनस्टीन यांनी 1962 मध्ये या जोडीच्या संदर्भात गुरुत्वीय लहरींकडे बोट दाखवलं. बोहदान पाचिन्स्की यांनी 1976 मध्ये दुसरी वाट मांडली: फुगलेल्या ताऱ्याच्या आवरणात सोबती गुरफटतो, फिरता फिरता ते आवरण उधळून लावतो आणि त्याबरोबर संवेगही निघून जातो. तिसरी वाट चुंबकीय. सूर्यासारख्या ताऱ्याचा वारा वस्तुमान नगण्य नेतो, पण चुंबकीय क्षेत्र त्या वाऱ्याला दूरपर्यंत ताऱ्याबरोबर फिरवत ठेवतं. म्हणून एवढंसं द्रव्यही भरपूर संवेग घेऊन जातं. एकट्या ताऱ्याची गिरकी यामुळे मंदावते. जवळच्या जोडीत भरती-ओहोटीचं बल ताऱ्याचं स्वतःभोवतीचं फिरणं कक्षेशी जखडून टाकतं, त्यामुळे ही तूट कक्षेलाच भरावी लागते. आणि संवेग गमावलेली जोडी रेंगाळत नाही. तारे जवळ सरकतात आणि फेरी आणखी वेगाने होते.

पुरावेही मिळाले. हल्स आणि टेलर यांना 1974 मध्ये सापडलेल्या जोडस्पंदकाची पावणेआठ तासांची फेरी वर्षाला सुमारे 76 दशलक्षांश सेकंदाने कमी होते, आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने सांगावी तेवढीच. 2008 मध्ये ‘व्ही1309 स्कॉर्पी’ भडकला. जुन्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की 1.4 दिवसांची त्याची फेरी आधीची काही वर्षं आखूड होत गेली होती. दोन तारे एक झाले होते.

या विचारात मराठी माणसाचाही वाटा आहे. पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह 1991 मध्ये, आकसत्या जोडीची क्षीण गुरुत्वीय लहर गोंगाटातून गाळून काढण्यासाठी गणिती चाळण्या कशा निवडाव्यात ते मांडलं. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ या लहरी टिपणाऱ्या यंत्राने दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर पहिल्यांदा टिपली. आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ उभी राहायची आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने तिला अंतिम मंजुरी दिली.

हा प्रवास नियम मोडून झाला नाही. संवेग नाहीसा होत नाही यावरचा विश्वास पक्का होता, म्हणूनच तूट दिसताच तो कोणी नेला हे विचारावंसं वाटलं. मोजमापातली तूट दुर्लक्षून पुढे जाण्याची सवय विज्ञानाला परवडत नाही, शेतीला आणि समाजालाही नाही. दुधाळ्याची चर्चा जमीन आणि रोजगार यांवरच थांबू नये असं मला मनापासून वाटतं. याच जिल्ह्यातल्या साखरा गावच्या मुलांपर्यंत ‘गेलं कुठे?’ हा प्रश्न विचारायची रीत पोचली, तर त्या यंत्राचं फळ पहिली लहर टिपण्याआधीच हाती येईल.