उतला तर?

बिब्बा लावायची एक रीत असे. टाचेला भेग पडली की घरातली जाणती बाई काळाभोर बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरी. तेल चरचरत बाहेर आलं की ते नेमकं भेगेत टेकवी, थेंबभरच. पोरांना लांब बसवी, हात स्वच्छ होईपर्यंत कोणाला शिवत नसे. घरात बिब्बा कोणाला सोसत नाही, हे तिला पाठ असे. ‘धाकटीला नको, तिला उतेल,’ असं ती आधीच बजावी. आणि उतलाच, म्हणजे कातडी लाल होऊन खाज सुटली, पाण्याचे फोड आले, तर लावायला खोबरं आणि तीळ हाताशी ठेवी.

त्या उपायाने किती गुण येई, हा प्रश्न वेगळा. पण आपण जे हाताळतोय ते विखारी आहे, याचं भान तिला क्षणभरही सुटत नसे. बिब्बा हा आंब्या-काजूच्याच कुळातला. त्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं आणि त्याच फळाच्या आतली गोडंबी हिवाळ्यात लाडवात पडते. एकाच फळात पोषण कुठे संपतं आणि इजा कुठे सुरू होते, ही रेघ तिला ठाऊक होती.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या नुस्ख्यांतून नेमकी ही रेघ गळाली आहे. ‘दम्यावर धोतऱ्याची दोन पानं’, ‘सांधेदुखीवर कण्हेरीच्या मुळीचा काढा’, आणि शेवटी हमखास ‘नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही’. झाडाचं नाव आणि रोगाचं नाव एवढंच पुढे जातं. किती, कोणाला नको आणि कुठे थांबायचं, हे मागेच राहतं.

‘दोन पानं’ हे मापच नव्हे. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन, हायोसीन ही द्रव्यं पानात वेगळी, बियांत वेगळी, झाडाच्या वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणेही वेगळी. काल निभावलेली दोन पानं आज घसा कोरडा पाडतील, बाहुल्या विस्फारतील, माणूस असंबद्ध बडबडू लागेल. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची आपल्याकडची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली, तिथे तिच्या सिगारेटीही निघाल्या. आज दम्याच्या पंपात वापरलं जाणारं इप्राट्रोपियम हे त्याच अ‍ॅट्रोपिनपासून घडवलेलं. त्याचा एक झोत २० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका ग्रॅमचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. पान आणि पंप यांच्यामध्ये जे दीड-दोन शतकांचं काम झालं, त्यातलं मोठं काम मोजण्याचं होतं.

इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरची गोष्टही अशीच. श्रॉपशायरमधल्या एका बाईचा जलोदरावरचा घरगुती काढा त्याला कळला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण देणारी त्यातली एकच, फॉक्सग्लोव्ह, हे त्याने ओळखलं. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दहा वर्षं नोंदी ठेवून १७८५ साली त्याने ग्रंथ छापला. थोड्यापासून सुरुवात करा, आणि मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली की औषध बंद करा, हा त्यातला कळीचा भाग. आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर फुललेल्या कण्हेरीतही फॉक्सग्लोव्हसारखीच, हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं आहेत. ती उकळल्याने जात नाहीत. ‘काढाच आहे, चांगला उकळलाय’ हा दिलासा म्हणूनच पोकळ ठरतो.

असं काही म्हटलं की कोणीतरी दुखावतं. हा आयुर्वेदावर अविश्वास नव्हे का? उलट आहे. युक्तीने वापरलेलं विष औषध होतं आणि चुकीचं वापरलेलं औषध विष होतं, हे चरकसंहितेनेच सांगून ठेवलं आहे. बचनाग थेट वापरायचा नाही, गोमूत्रात किंवा दुधात त्याचं शोधन करायचं, हा दंडकही आपल्याच शास्त्राचा. दीर्घ उकळण्याने बचनागातलं अ‍ॅकोनिटिन फुटून त्याची धार पुष्कळ बोथट होते, हे रसायनशास्त्राने नंतर दाखवलं. म्हणजे उकळणं बचनागाला लागू पडतं आणि कण्हेरीला नाही. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला हा फरक कळत नाही. १९४५च्या औषध नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची वेगळी अनुसूची आहे. धोतरा, कण्हेर, गुंज, कुचला, बचनाग, बिब्बा ही सारी तिच्यात आहेत. पोटात घ्यायच्या औषधात ती असतील, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा बाटलीवर छापावा लागतो. घरी कुटलेल्या चूर्णाच्या पुडीवर तो इशारा कोण लिहिणार?

विषारी झाडंच कशाला, साधा दुधी घ्या. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा २०११ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने साधी सूचना केली: आधी एक फोड चाखा, कडू लागली तर टाकून द्या. भाजीत कडू दुधी लागला तर आपण ताट बाजूला सारतो. तोच दुधी औषध म्हणून समोर आला की ‘औषध कडूच असायचं’ म्हणत नाक दाबून पितो. थांब म्हणणाऱ्या जिभेचं आपण त्या दिवशी ऐकत नाही.

तेव्हा कोणीही काही सुचवलं, तर तीन गोष्टी विचाराव्यात. नेमकं किती? कोणी घ्यायचं नाही? आणि बिघडलं तर काय करायचं? सांगणाऱ्याकडे तिन्ही उत्तरं नसतील, तर त्याच्याकडे औषध नाही, नुसतं झाडाचं नाव आहे. आणि कोणी घेऊन बसलंच असेल, तर उलट्या, भोवळ, छातीत धडधड यांची वाट न पाहता १०८ला फोन करावा. जाताना त्या झाडाची फांदी, बी किंवा उरलेला काढा सोबत न्यावा. दवाखान्यात ‘काही नाही, पोट बिघडलंय’ असं सांगत घरची माणसं काढ्याचं नाव लाजेने गिळतात. डॉक्टर मग पोटावर उपचार करत राहतात आणि बिघाड हृदयात असतो. विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावं: काय घेतलं, किती घेतलं आणि किती वाजता. ओशाळणं नंतर करता येतं.