दाद नसलेली भीती

कोकणातल्या भुताखेतांशी माणसाचे कितीही वितुष्ट असले, तरी त्यांच्याशी तडजोड संभवते. वेताळाला नारळ, राखणदाराला कोंबडा, अशी ज्याची त्याची तजवीज गावरहाटीने पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेली आहे, आणि मान पोचता झाला की कुळाला सहसा उपद्रव होत नाही. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट याने 1928 साली ‘द कॉल ऑफ कथुलू’ या कथेत जे भय मांडले, त्यापुढे मात्र अर्ज चालत नाही की फिर्याद. कारण तेथील महाभूतांच्या दफ्तरी मनुष्यजातीची नोंदच नाही.

त्या कथेवरून सँडी पीटरसन यांनी रचलेला, पात्रे वठवून खेळायचा भूमिकाखेळ 1981 साली निघाला. तो पनवेलीत मांडायचा तर परदेशी बंदरे उसनी आणण्याचे कारण नाही. जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अंमल बदलले, पायथ्याशी महामार्ग झाला, त्याला कशाचेच सोयरसुतक नाही. या खेळात प्रत्येक पात्रापाशी मनःस्वास्थ्याची शिल्लक असते. अभद्र दर्शन घडले की शंभरापर्यंतचा आकडा देणारे फासे टाकायचे, आणि आकडा शिल्लकेहून अधिक पडला तर मन ढळते. महाभूतांविषयीच्या गूढविद्येचे ज्ञान जितके वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा 99 वरून खाली येते; ज्ञानाला मोक्षाचे साधन मानणाऱ्या आपल्या परंपरेला हा हिशेब विपरीतच वाटावा.

क्रमांकित परिच्छेदांच्या पुस्तकाधारे हा खेळ एकट्यानेही खेळता येतो, आणि मग आरोपी, पंच व कारकून या तिन्ही कामांचा अखत्यार एकाच इसमाकडे येतो. प्रतिकूल पडलेले फासे पुन्हा टाकण्यास तेथे कोणाची मनाई नसते. परंतु ते पुन्हा टाकताच विश्व त्याच्या मर्जीतले होते आणि भय संपते. एकांतात म्हणूनच सारी मदार सचोटीवर असते.

खेळ चालवणाऱ्या सूत्रधारासह चौघे बसले म्हणजे फासे काही दयाळू होत नाहीत. तथापि भान हरपलेल्या सोबत्याला कर्नाळ्याच्या रानात सोडून पनवेलची वाट धरायची, की स्वतःची उरलीसुरली शिल्लक पणाला लावून त्याच्यापाशी थांबायचे, हा निवाडा फाशांच्या अधिकाराबाहेरचा असतो. विश्व बेपर्वा आहे या सबबीवर तेथे कोणाची सुटका होत नाही. वरिष्ठ दरबारच नसल्याने सोबत्याची दाद घेण्याचे काम सोबत्यांवरच येते, आणि ते त्यांनी कसे निभावले यावरच त्या रात्रीच्या खेळाची किंमत ठरते.