रानचा हजेरीपट

रानात वाढलेल्या मुलांच्या आपल्या कथा बहुतेक राजपुत्रांच्या आहेत. सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा कालिदासाचा सर्वदमन मारीच ऋषींच्या आश्रमात वाढतो खरा, पण शेवटच्या अंकात बाप भेटतो आणि मुलाची वाट राजधानीकडे वळते. लव-कुशांचंही तेच. अरण्य म्हणजे राजवाड्याआधीचं वसतिगृह. रूसोने १७६२ साली ‘एमिल’मध्ये कल्पनेतल्या मुलाला शहरापासून दूर वाढवलं, स्वतःची मुलं मात्र त्याने पॅरिसच्या अनाथालयात धाडली होती.

एडिथ कॉब या अमेरिकन विदुषीचं बालपणीच्या कल्पनाशक्तीवरचं पुस्तक १९७७मध्ये आलं. साधारण सहा ते बारा या वयात मूल निसर्गाशी एकजीव होतं आणि पुढची सर्जनशीलता त्यातून उगवते, असं तिचं म्हणणं. मला ते निम्मंच पटतं. तिच्या त्या मुलाला काही काम नाही.

गडचिरोलीकडे त्याच वयाची पोरं मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत आईबरोबर टोपली घेऊन मोहाखाली असतात. झाडाला पान नाही, नुसते फुलांचे झुबके. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत फुलं टपटपत राहतात. ती दिसावीत म्हणून खालचा पाचोळा आधीच झाडलेला किंवा जाळलेला. (वणवे पुष्कळदा इथूनच पेटतात, हेही खरं.) कोणतं झाड कुणाच्या घराचं, कोणतं आधी गळतं, कोणाचं फूल जास्त गोड, हे पोरांना तोंडपाठ. रात्री वटवाघळं खाऊन गेलेली असतात, सकाळी हरणं आणि गुरं टपलेली. अस्वलालाही हीच फुलं हवीत, म्हणून वाकून वेचताना एक कान झाडीकडे. इतक्या बारकाईने झाडाकडे कुणी निवांत माणूस बघत नाही. कुतूहल इथे गरजेच्या पोटी येतं, आणि त्याने ते कमी अस्सल ठरत नाही.

मग चारं पिकतात, टेंभरं पिकतात; ती खायची. मे महिन्यात तेंदूची पानं. सत्तर पानांचा एक पुडा. सर्वदमन हौसेने दात मोजत होता, इथे चुकीच्या मोजणीने मजुरी कापली जाते. हे बालपण रम्य म्हणून मिरवावं असं मला वाटत नाही. वाळवलेल्या मोहावर घरचं मीठ-तेल येतं.

वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली २००९मध्ये गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि वनोपजावर गावाचा कायदेशीर अधिकार आला. शाळेचं वेळापत्रक मात्र वेगळ्याच ऋतुमानाचं आहे. मोह गळतो ते दिवस वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचे. मोठी सुट्टी लागते तोवर फुलं सरलेली असतात. पोरगं सर्वांत जास्त शिकत असतं त्याच आठवड्यांत हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजेरी लागते. तिकडे सुट्टी महिनाभर अलीकडे ओढावी, असं माझं मत आहे. मग तेंदूच्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच.