वाट अडली तरी नियत अडत नाही



उद्याचे काम ठरविताना ‘इन्शाअल्लाह’ म्हणावे, ही शिकवण कुरआनच्या सूरह अल-कहफमध्ये दिलेली आहे. आपण हा शब्द रोज उच्चारतो. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा सौदा करताना, आळेफाट्याला एस.टी.ची वाट पाहताना, घरातील निकाहची तारीख काढताना तो ओठांवर असतो. परंतु त्याची खरी परीक्षा ठरविलेले मोडते तेव्हा होते. उतारवयात ही परीक्षा अधिक कठीण असते. तरुणाचा एक बेत फसला तर त्याच्यापुढे दुसरे दहा असतात. वृद्धाचा दिवस मात्र दोन-चार ठरलेल्या गोष्टींच्या आधारावर उभा असतो. त्यातील एक निखळली तरी सारा दिवस पोकळ वाटू लागतो.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या भागाचेच पाहा. उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर वाढला आणि मळ्यात राहणाऱ्या ज्येष्ठांना पहाटेच्या अंधारात एकट्याने मशिदीची वाट चालणे धोक्याचे झाले. मुले म्हणतात, ‘अब्बा, फजर घरीच पढा.’ मुलांचे म्हणणे योग्यच असते. पण ज्याने उभे आयुष्य पहिल्या सफेत काढले, त्याला अल्लाहच्या घरापासून आपण तुटलो असे वाटते. हे दुःख खरे आहे. त्याला हसू नये आणि ‘त्यात काय एवढे’ असेही म्हणू नये.

याहून मोठा बेत मोडताना आपण २०२० मध्ये पाहिले. आयुष्यभर पै-पै साठवून हजचा अर्ज भरलेल्यांना, महामारीमुळे यंदा भारतातून कोणीही हजला जाणार नाही, असे २३ जून रोजी केंद्र सरकारने कळविले. अर्ज सुमारे २ लाख १३ हजार होते. पैसे परत मिळाले, पण गेलेले वर्ष परत मिळत नाही. २०२१ मध्येही बाहेरील देशांच्या यात्रेकरूंना दार बंदच राहिले. २०२२ मध्ये ते उघडले, तेव्हा वय ६५ हून कमी असण्याची अट आली. म्हणजे २०२० मध्ये ६४ वर्षांचा असलेला अर्जदार वाट पाहता पाहता ६६ वर्षांचा झाला आणि उघड्या दारातून मागे फिरला. २०२३ मध्ये अट उठली; तोवर कोणाचे गुडघे थकले होते, तर कोणी हे जगच सोडले होते. मग त्यांच्या नियतीचे, म्हणजे हजच्या त्या संकल्पाचे काय झाले?

याचे उत्तर हुदैबियाच्या मैदानात आहे. हिजरी ६, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे १४०० सोबत्यांसह उमऱ्यासाठी निघाले. अंगावर इहराम होता, सोबत कुर्बानीची जनावरे होती. प्रेषितांचे वय तेव्हा साठीला टेकत आले होते. मक्का जवळ आली असताना कुरैशने वाट अडविली. यंदा परत जावे आणि पुढील वर्षी तीन दिवसांसाठी यावे, असा तह झाला. प्रेषितांनी सोबत्यांना तेथेच कुर्बानी करून मुंडन करण्यास सांगितले. तीनदा सांगूनही कोणी उठेना, इतकी मने जड झाली होती. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की, कोणाशी काही न बोलता आपली कुर्बानी आपण प्रथम करावी. प्रेषितांनी तसे केले आणि ते पाहताच सारे उठले. परतीच्या वाटेवर सूरह अल-फत्ह अवतरली. ज्या प्रवासाला लोक अपयश मानत होते, त्याला अल्लाहने उघड विजय ठरविले.

या घटनेतून प्रथम हे कळते की, बेत मोडल्याचे दुःख होणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. सहाबांनाही ते झाले. दुसरे असे की, जेथे वाट अडली तेथे जे करता येईल ते करावे. काबा गाठता आला नाही, तर कुर्बानी हुदैबियातच झाली. मशिदीपर्यंत जाता येत नसेल, तर घरातील एक कोपरा स्वच्छ करून नातवंडांना मागे उभे करा आणि फजरची जमाअत घरीच करा. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्याची मुभा प्रेषितांनी दिली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत दिलासा देणारी. तबूकच्या मोहिमेच्या वेळी प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले होते की, मदीनेत मागे राहिलेले काही लोक प्रत्येक दरीत, प्रत्येक वाटेवर त्यांच्याबरोबरच आहेत. खऱ्या अडचणीनेच त्यांना रोखले आहे. यावरून समजा की, पाय थांबले तरी नियतीचा सवाब थांबत नाही. ज्यांच्यावर हज फर्ज झाला आणि आता शरीर कायमचे थकले, त्यांच्यासाठी हज-ए-बदलचा मार्ग आहे. खसअम कबिल्यातील एका स्त्रीने, वाहनावर स्थिर बसूही न शकणाऱ्या आपल्या वृद्ध पित्याच्या वतीने हज करण्याबद्दल विचारले असता प्रेषितांनी होकार दिला होता. याबाबत आपल्या आलिमांचा सल्ला घ्या आणि वसीयत लिहून ठेवा.

आता एक शब्द मुलांसाठी आणि सुनांसाठी. काही बदल अल्लाहच्या हुकमाने येतात, त्यांवर सब्र करावा. काही बदल मात्र आपण आणतो: म्हाताऱ्या आईची खोली बदलतो, वडिलांची गुरे विकतो, त्यांना पुण्या-मुंबईला न्यायचे ठरवितो आणि सांगतो शेवटी. तेथे त्यांच्याकडून सब्राची अपेक्षा करण्याआधी आपण मशवरा केला का, हे स्वतःला विचारा. ज्यांच्यावर वही अवतरत होती, त्यांनी तंबूत आपल्या पत्नीचा सल्ला ऐकला. मग आपण आपल्या आई-वडिलांना न विचारता त्यांचा दिवस कसा बदलावा? बिबट्याच्या भीतीने अब्बांना घरी थांबविले असेल, तर जुम्याला गाडी काढून त्यांना मशिदीत नेणे हे आपले काम आहे.

हे अल्लाह, आमच्या वडीलधाऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नियती कबूल कर, त्यांच्या थकलेल्या पावलांचा सवाब चालू ठेव आणि आम्हाला त्यांचा आधार बनव. आमीन.