चव आणि मोह

स्कॉटलंडातल्या लहानशा कारखान्यातली काळी बीअर पिणारे रसिक घोट जिभेवर घोळवतात आणि त्यात कॉफी, काकवी, धूर असे काय काय शोधतात. तो रंग भाजणीचा. मोड आणून वाळवलेल्या जवाचे काही दाणे करपण्याच्या बेताला आणायचे, मग सारे आंबवायचे. भाजणी कुठवर न्यावी, हे आपल्या गृहिणींना का ठाऊक नाही?

इकडे आमच्या विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाची फुले टपटपतात. रानातली माणसे ती वेचतात, वाळवतात, भाजून खातात. तीच आंबवून गाळली की दारू. तिचा घोट घेणाऱ्याला मात्र कुणी रसिक म्हणत नाही, तो बेवडा! मुंबई इलाख्यात तर १८९२ साली या फुलांविरुद्धच कायदा झाला. गरिबाचे अन्न सरकारच्या डोळ्यांत सलू लागले.

म्हणजे पाप पेयात नसून किमतीत आहे, असे म्हणावेसे वाटते. पण गडचिरोलीच्या बायांनी चळवळ केली, १९९३ मध्ये तिथे दारूबंदी झाली, ती काही चवीच्या वादातून नव्हे. मजुरी घरी पोचण्याआधीच संपते, त्या घरात घोट कुणी किती रसिकतेने घेतला, हे कोण विचारणार? आणि रसिकाच्या घरीही कुणीतरी वाट पाहत असतेच.

वर्गात ‘मोह’ शब्दाचा अर्थ विचारला, की काही मुले षड्रिपू सांगतात, काही झाड. मी दोघांनाही पूर्ण गुण देतो.