सारखेपणाची साक्ष

आमच्या व्यवसायात 'तुल्य' या शब्दावाचून पान हलत नाही. जमिनीच्या बदल्यात तुल्य जमीन, विहिरीच्या बदल्यात तुल्य विहीर, निकामी झालेल्या हाताच्या बदल्यात तुल्य रक्कम. न्यायाचा तराजू बहुधा याच शब्दावर तोलला जातो. हा शब्द आम्ही इतक्या वेळा लिहिला आहे की, तो लिहिताना आपण एक साक्ष देत असतो याचे भान आम्हांस उरले नव्हते. ते भान आणून दिले गोड्या पाण्यातील गोगलगायीने, म्हणजे ज्याच्या वाटेस आमच्यासारखा मनुष्य एरवी कधीच गेला नसता अशा एका क्षुद्र जीवाने.

कोगनोळीच्या परिसरातील एका देवस्थानाचे जुने तळे काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामात गेले. तेवढ्याच लांबीरुंदीचे आणि तेवढ्याच खोलीचे तळे दुसरीकडे खणून मिळणार होते. विश्वस्तांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही संमती द्यावी असे सांगितले आणि 'मूळ तळ्याशी सर्व बाबतींत तुल्य' हे शब्द मसुद्यात आमच्याच हाताने घातले. त्या वेळी देवळाचे वृद्ध गुरव काठावर उभे होते. पायरीच्या दगडाला चिकटलेल्या शंखांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "वकीलसाब, तळं नवं खणतील, खरं ह्यातली वस्ती कुठं जाईल?" आम्ही हसलो. शंख काय, नव्या तळ्यातही होतील, असे काहीसे बोलून आम्ही मोटारीत बसलो.

पुढे वाचनाच्या ओघात प्राचीन सरोवरांतील गोगलगायींविषयीचा मजकूर हाती आला आणि ते हसणे आम्हांस टोचू लागले. बहुतेक सरोवरे काही हजार वर्षांत गाळाने भरून नाहीशी होतात. पृथ्वीवरील मोजकीच लक्षावधी वर्षे टिकली आहेत. आफ्रिकेतील टांगानिका हे त्यांपैकी एक असून त्याचे वय सुमारे ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षे मानले जाते. तेथील गोगलगायींचे शंख जाड, कंगोऱ्यांचे, काही तर काटेरी, अगदी समुद्रातून आणून टाकल्यासारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. ई. एस. मूर या इंग्रज संशोधकाने ते पाहिले आणि हे सरोवर एके काळी समुद्राला जोडलेले होते, असा निष्कर्ष काढला. १९०३ साली त्याने त्यावर ग्रंथही लिहिला. निष्कर्ष चुकीचा ठरला. त्या गोगलगायी आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातीलच. शंख फोडून खाणाऱ्या खेकड्यांपासून बचाव करता करता पिढ्यानपिढ्या त्यांचे कवच असे घडत गेले, असे अभ्यासक मानतात. रूप समुद्राचे, कूळ मात्र नदीचे.

याच्या नेमके उलट उदाहरण आमच्या सह्याद्रीत आहे. प्राचीन सरोवर आमच्याकडे नाही. पण घाटातील धबधब्यांच्या तुषारांनी सदैव ओल्या राहणाऱ्या कातळावर क्रेम्नोकाँकस नावाची चिमुकली गोगलगाय राहते. नावाचा अर्थच 'कड्यावरचा शंख'. दिसायला ती ओढ्यातल्या कोणत्याही गोगलगायीसारखी. परंतु तिचे आप्त समुद्रकिनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या खडकांवर राहतात. त्या संपूर्ण कुळात गोड्या पाण्यात वस्ती करून राहिलेली ही एकच शाखा आहे, आणि ती सह्याद्रीबाहेर कोठेही नाही. २०१३ साली रीड, अरविंद व मध्यस्थ या अभ्यासकांनी तिची नव्याने तपासणी केली, तेव्हा पूर्वीच्या तीन जातींत सहा नव्यांची भर पडली. जुन्या तीन महाराष्ट्राच्या घाटांतील, नव्या सहा कर्नाटकाच्या. शतकाहून अधिक काळ ज्या सहा जाती कोणाच्याच गणतीत नव्हत्या, त्या तोवर पाण्याखालच्या दगडावर आपला संसार करीतच होत्या. त्यांतील एखादा धबधबा मध्यंतरी वळवला गेला असता, तर 'काहीही गेले नाही' असेच आम्ही कागदावर लिहिले असते, आणि ते खोटे ठरवणारा साक्षीदारही उरला नसता.

येथे वाचक म्हणेल, रूप फसवे असेल तर कूळ पाहावे. आता तर जनुके तपासता येतात, मग संशय कशाला? आम्हांसही प्रथम तसेच वाटले. पण इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या प्राचीन सरोवरांत टायलोमेलानिया नावाच्या गोगलगायींचा अभ्यास झाला, त्याने हा आधारही पुरता भक्कम राहू दिला नाही. कोणी खडकावर राहते, कोणी वाळूत, कोणी बुडालेल्या लाकडावर. आणि ज्याच्या त्याच्या आधाराप्रमाणे त्यांच्या जिभेवरचे सूक्ष्म दातही निराळे. तरी रूपाने स्पष्ट वेगळ्या असलेल्या काही जातींची जनुके एकमेकींत मिसळलेली आढळतात. पूर्वी केव्हातरी त्यांचा संकर झाला असावा. रूपाची साक्ष एक, जनुकांची दुसरी. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक, पण प्रत्येकाने घटनेचा एकेकच भाग पाहिलेला.

आम्हा देवळात जाणाऱ्या मंडळींना हे अगदीच नवे वाटू नये. देव्हाऱ्यातील शालिग्रामाच्या पोटातले चक्र पाहून तो शंखाचा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात ज्या प्राण्याचा तो ठसा आहे, त्याचे जवळचे नाते गोगलगायीपेक्षा माकूळ व अष्टपाद यांच्याशी. आणि कुळाचे म्हणाल तर दत्तकविधानाने परक्या घरचा मुलगा आपल्या घरचा होतो, हे १९५६ च्या कायद्याच्या पुष्कळ आधीपासून आपला समाज मानत आला आहे. रूप व रक्त ही दोन्ही महत्त्वाची. पण तेवढ्यावर कोणाची ओळख संपत नाही, हे आपल्या आचारात आहे. मग तळ्याच्या बाबतीत लांबी, रुंदी आणि खोली एवढ्यावर ती संपते, असे आम्ही कोणत्या आधाराने लिहिले?

प्रतिपक्षाचे म्हणणेही मांडले पाहिजे. त्या तळ्यातल्या गोगलगायी बहुधा दक्षिणेत सर्वत्र आढळणाऱ्या साध्याच जातीच्या असतील. रस्ता गावाला हवा होता. त्या रस्त्याने आजारी माणसे वेळेवर कोल्हापुरास किंवा बेळगावास पोहोचतात. गोगलगायीसाठी रस्ता अडवावा असे आम्ही आजही म्हणणार नाही. प्रश्न तो नाहीच. त्या गोगलगायी साध्या होत्या की दुर्मीळ, हे आम्हांस माहीत नव्हते, कारण कोणी पाहिलेच नव्हते. आणि न पाहता आम्ही 'सर्व बाबतींत' ही ग्वाही दिली. न्यायालयात एखाद्या साक्षीदाराने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली, तर पुढे ती योगायोगाने खरी निघाली तरी आम्ही त्याला सत्यवादी म्हणत नाही. आमचा दोष याच जातीचा आहे.

कोगनोळी सोडून कागलकडे निघाले की थोड्याच अंतरावर राज्य बदलते. केवळ पाटीवरची लिपी किंवा माणसाचे आडनाव पाहून 'हा आमच्यातला, तो त्यांच्यातला' असा निवाडा येथे १९५६ पासून किती घाईने दिला गेला, हे या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. सारखे म्हणण्याची घाई आणि वेगळे म्हणण्याची घाई या एकाच आळसाच्या दोन बाजू आहेत. दोहोंतही पाहण्याचे श्रम वाचतात.

नवे तळे खणून झाले आहे. पाणीही चांगले आहे. मागच्या कार्तिकात आम्ही गेलो तेव्हा पायरीवर बसून बराच वेळ दगड चाचपून पाहिले. दोन-तीन शंख हाती लागले. ते जुन्या तळ्यातलेच का, हे आम्ही सांगू शकत नाही. गुरव आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर एवढेच होते : "ठाऊक नाही, आधी पाहू या." असा मसुदा पुन्हा आमच्यापुढे आला, तर 'लांबी, रुंदी व खोली यांत तुल्य' एवढेच आम्ही लिहू, आणि उरलेल्या बाबींपुढे जागा कोरी ठेवू.